सेन्सरची साक्ष आणि प्रामाण्याचा प्रश्न

इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, इंजिन दिसत नाही. सिलिंडरमध्ये किती हवा शिरली, थ्रॉटलची झडप किती उघडली, कूलंट किती तापले, सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला, यांतले काहीही ईसीएमला प्रत्यक्ष ठाऊक नसते. त्याच्यापर्यंत पोचतात ती निरनिराळ्या सेन्सरांनी तारांवरून धाडलेली व्होल्टेज. तेवढ्या भांडवलावर पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे त्याला सेकंदाला कितीतरी वेळा ठरवावे लागते. यातला एखादा सेन्सर खोटे सांगू लागला, तर ते ईसीएमला कळावे कसे? इंजिनाची खरी स्थिती एका बाजूला आणि सेन्सरचे म्हणणे दुसऱ्या बाजूला ठेवून ताडून पाहण्याची सोय त्याला नाही. खरी स्थिती कळते तीही सेन्सरांकडूनच.

मोटारीचा जन्म होण्याच्या कितीतरी शतके आधी भारतीय दर्शनांनी हाच प्रश्न प्रामाण्यवाद या नावाने लढवला. ज्ञान झाले, पण ते यथार्थ आहे हे कशावरून? ते ज्या साधनाने झाले ते साधन निर्दोष आहे हे कशावरून? मीमांसकांचे उत्तर असे, की प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. ज्ञान होते तेव्हाच ते खरे म्हणून होते आणि त्याला बाहेरून शिक्कामोर्तब लागत नाही. नैयायिकांचे उत्तर असे, की प्रामाण्य परतः, म्हणजे त्या ज्ञानाखेरीज दुसऱ्या कशावरून तरी कळते. हा वाद फार सूक्ष्म पातळीवर चालला, म्हणून तो पाठशाळेपुरता आहे असा समज झाला. वास्तविक, बिघडलेल्या सेन्सरचे निदान करताना मेकॅनिक याच वादातल्या पायऱ्या चढत असतो. पायरी चुकली तर चांगला सेन्सर फेकला जातो, नवा बसतो, आणि गाडी पूर्वीसारखीच झटके देत राहते.

आधी एक सेन्सर नीट पाहावा. थ्रॉटल पोझिशन सेन्सर हा त्याच्या साध्या रूपात एक पोटेन्शिओमीटर असतो. त्याला तीन तारा असतात: एकीतून ईसीएमकडून पाच व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. आत कार्बनचा एक अर्धगोल पट्टा असतो आणि झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारी एक पत्ती त्या पट्ट्यावरून सरकते. झडप बंद असताना सिग्नलवर साधारण अर्धा व्होल्ट दिसतो, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. शून्य आणि पाच ही दोन टोके मुद्दाम मोकळी सोडलेली असतात. तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर व्होल्टेज त्या टोकांकडे जाते, आणि निरोगी सेन्सर तिथे कधीच जात नसल्यामुळे ईसीएमला दोष ओळखता येतो. शहरात गाडी बहुतेक वेळ किंचित रेस देऊन चालते, त्यामुळे पट्टा झिजतो तो बहुधा आयडलच्या जरा वरच्या भागात. त्या जागी पत्तीचा संपर्क क्षणभर सुटतो, सिग्नल कोसळतो आणि गाडी नेमक्या त्याच रेसवर अडखळते.

मीमांसक कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात श्लोकवार्तिकात मांडलेला सिद्धान्त थोडक्यात असा: ज्ञानावर विश्वास हा नियम आहे, अविश्वास हा अपवाद, आणि अपवादाला कारण लागते. अशी कारणे दोनच. एक, ज्या साधनातून ज्ञान झाले त्यात दोष असल्याचे कळणे. याला कारणदोषज्ञान म्हणतात. दुसरे, आधीच्या ज्ञानाला खोडून काढणारे दुसरे ज्ञान होणे. याला बाधकज्ञान म्हणतात. यांपैकी काहीच नसेल, तर नुसते ‘कदाचित चुकीचे असेल’ म्हणून संशय घेत बसणाऱ्याचा कुठलाच व्यवहार पुढे सरकणार नाही.

ईसीएमची रचना जवळजवळ याच आराखड्यावर झालेली आहे. सेन्सर जे सांगेल ते तो खरे धरतो. तसे केले नाही तर इंजिन एक फेराही पुरा करणार नाही. विश्वास सोडायला त्यालाही दोनच प्रकारची कारणे चालतात. पी ०१२२ आणि पी ०१२३ हे कोड सांगतात, की थ्रॉटल सेन्सरचे व्होल्टेज शक्य कोटीच्या खाली किंवा वर गेले आहे. इथे साधनच दूषित असल्याचे उघड होते, हे कारणदोषज्ञान. पी ०१२१ हा कोड निराळ्या जातीचा. त्यात व्होल्टेज पूर्णपणे शक्य कोटीतले असते. पण थ्रॉटलचा सेन्सर म्हणतो झडप जवळजवळ बंद आहे, तर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि इंजिनाचे फेरे सांगतात की हवा भरपूर येते आहे. दोन साक्षी एकमेकांना खोडतात. हे बाधकज्ञान.

या दोन जातींत फरक न करणे ही निदानातली सर्वांत महागडी चूक आहे. पहिल्या प्रकारच्या कोडमध्ये दोषाची जागा निदान एका तारेपुरती, कपलरपुरती, सेन्सरपुरती मर्यादित असते. दुसऱ्या प्रकारचा कोड फक्त विरोध कळवतो. दोघांपैकी खोटा कोण, हे तो सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. स्कॅनरच्या पडद्यावर मात्र एकाच सेन्सरचे नाव येते, कारण कोडला काहीतरी नाव द्यावेच लागते. ते नाव वाचून सेन्सर बदलणे म्हणजे फिर्यादीत नाव आहे एवढ्यावरून माणसाला शिक्षा करणे. पी ०१२१ आला असताना दोष मॅनिफोल्डच्या प्रेशर सेन्सरमध्ये, फाटलेल्या व्हॅक्यूमच्या नळीत किंवा थ्रॉटल बॉडीत साचलेल्या काजळीतही असू शकतो.

न्यायशास्त्रात अशा कोंडीला सत्प्रतिपक्ष म्हणतात: एका हेतूने, म्हणजे पुराव्याने, साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, सिद्ध होते आणि तितक्याच बळाच्या दुसऱ्या हेतूने त्याचा अभाव सिद्ध होतो. अशा वेळी दोन्ही हेतू निकामी ठरतात आणि हाती संशय उरतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल जाऊन इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला, तेव्हा अभियंत्यांनी ही कोंडी ओळखून तिची व्यवस्था लावली. पेडलवर दोन सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीतही दोन. अनेक गाड्यांत थ्रॉटलचे दोन सिग्नल उलट दिशांनी धावतात. एक अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत चढतो, तेव्हा दुसरा साडेचारपासून अर्ध्यापर्यंत उतरतो. बेरीज नेहमी पाचाच्या आसपास. ही उलट मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. दोन्ही सिग्नल एकाच दिशेने चढते असते आणि दोघांचे अर्थिंग एकाच वेळी सुटले असते, तर दोघे मिळून वर गेले असते आणि झडप उघडल्याचे एकमताने सांगत राहिले असते. उलट मांडणीत अर्थिंग सुटले की दोन्ही पाचाकडे जातात, बेरीज दहाच्या घरात जाते आणि खोटेपणा लगेच उघडा पडतो.

ही बेरीज बिघडली की पी २१३५ हा कोड येतो. कोण खोटे हे ईसीएमला तेव्हाही कळत नाही. मग तो थ्रॉटलच्या मोटारीचा पुरवठा बंद करतो, स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते, आणि गाडी लिम्प मोडमध्ये रस्त्याच्या कडेला किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत जाईल इतपतच शक्ती उरते. निर्णय झालेला नसतानाही कमीत कमी अपाय होईल असे वागायचे, हा विवेक यात आहे.

दोष कळल्याने दोष जात नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. दर्शनग्रंथांत पिवळ्या शंखाचे उदाहरण वारंवार येते. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो. तो पांढरा आहे हे चारचौघांनी सांगितले, त्यालाही पटले, तरी दिसतो पिवळाच. कूलंट टेंपरेचर सेन्सरची तार तुटली तर स्कॅनरवर उणे ४० अंश सेल्सिअस दिसते, आणि ईसीएमने ते अविश्वसनीय ठरवल्यावरही त्या तारेवरून तीच खबर येत राहते. ईसीएम तिच्याकडे दुर्लक्ष करतो आणि स्वतःजवळचे एक ठरावीक तापमान गृहीत धरून काम चालवतो. बाधकज्ञानाने भ्रमाचा आभास पुसला जात नाही. त्याचा व्यवहारावरचा अधिकार तेवढा जातो.

आतापर्यंतचे दोष साधनातले होते. यापेक्षा कठीण प्रकार म्हणजे साधन निर्दोष, त्याची साक्ष खरी, आणि निष्कर्ष मात्र खोटा. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ऑक्सिजन सेन्सर. बॉशने तयार केलेला हा सेन्सर १९७६ साली कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांत प्रथम आला. झिर्कोनियाच्या सेन्सरचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान झुलते. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर ते वर जाते, हवा जास्त असेल तर खाली. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाजवळ, म्हणजे ०.४५ व्होल्टच्या आसपास, ते झपाट्याने पालटते. ईसीएमचे अनुमान असे चालते: धुरात ऑक्सिजन जास्त आहे, ज्याअर्थी ऑक्सिजन जास्त, त्याअर्थी मिश्रणात पेट्रोल कमी, म्हणून पेट्रोल वाढवा.

आता एका सिलिंडरचा स्पार्क प्लग मेला आहे असे धरावे. गॅरेजच्या भाषेत इंजिन मिसिंग करते आहे. त्या सिलिंडरमध्ये गेलेले पेट्रोल जळत नाही, आणि त्याबरोबर गेलेला ऑक्सिजनही जळत नाही. दोन्ही तसेच बाहेर पडतात. सेन्सरला ऑक्सिजन कळतो; न जळलेले पेट्रोल त्याला तसे मोजता येत नाही. तो ऑक्सिजन जास्त असल्याचे सांगतो आणि ते अक्षरशः खरे असते. ईसीएम मात्र पेट्रोल कमी आहे असे समजून आणखी ओततो. अ‍ॅव्हरेज घसरते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होण्याची वेळ येते, आणि पुष्कळदा बदलला जातो तो बिचारा ऑक्सिजन सेन्सर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तेव्हाही हेच घडते.

तर्कशास्त्रात या दोषाला सव्यभिचार हेतू म्हणतात: हेतू साध्याबरोबर असतो तसा साध्य नसतानाही असतो. धूर आणि अग्नी यांच्या नेहमीच्या उदाहरणात, अग्नी आहे म्हणून धूर असणारच असे कोणी म्हटले, तर नैयायिक त्याला तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याकडे बोट दाखवतो. तिथे अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी अग्नीखेरीज ओले सरपण लागते. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. ईसीएमच्या अनुमानातली उपाधी अशी: सगळे सिलिंडर जळत असले पाहिजेत आणि सेन्सरच्या आधी कुठे गळती नसली पाहिजे. या अटी पाळल्या जातात तोवर ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणे बरोबर ठरते. त्या मोडल्या की खऱ्या साक्षीवरून खोटा निवाडा होतो. प्रभाकर मिश्रांच्या मीमांसेत असे एक टोकाचे मत आहे, की ज्ञान म्हणून कुठलेच खोटे नसते. भ्रम म्हणजे दोन गोष्टींतला भेद लक्षात न येणे एवढेच. सगळ्या भ्रमांना ते मत लावणे अवघड आहे. कपलरच्या गंजलेल्या पिनांना ते मुळीच लागू पडत नाही. पण ऑक्सिजन सेन्सरच्या या प्रकरणाचे त्याहून नेमके वर्णन दुसऱ्या कुठल्याच मताने होत नाही.

उपाधी शोधण्याची रीतही न्यायशास्त्राने दिलेली आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असते तेव्हा कार्य असते का, आणि कारण नसते तेव्हा कार्यही नसते का, हे पाहायचे. पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, असा कोड आला की जाणता मेकॅनिक स्कॅनरवर फ्युएल ट्रिम उघडतो. ईसीएमने मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा घटवले, ते तिथे दिसते. उणे-अधिक दहाच्या आतले आकडे सहसा चिंतेचे नसतात. आयडलिंगला आकडा खूप चढलेला आणि अडीच हजार फेऱ्यांवर नेऊन धरल्यावर उतरत असेल, तर हवेची गळती संभवते, कारण बाहेरून शिरणारी तेवढीच हवा आयडलच्या थोड्या हवेत मोठा वाटा असते आणि वाढत्या हवेत नगण्य होते. उलट भार वाढेल तसा आकडा चढत असेल, तर हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळलेला असावा किंवा पेट्रोलचा पंप कमी पडत असावा. ऑक्सिजन सेन्सरची स्वतंत्र चौकशीही अशीच होते. इनटेकमध्ये थोडा ज्वलनशील वायू सोडला तर त्याचे व्होल्टेज चटकन वर गेले पाहिजे, एक नळी काढून हवा शिरू दिली तर खाली आले पाहिजे. दोन्ही वेळा तो हलला, तर त्याच्यावर ठेवलेला आळ काढून घ्यावा.

इथे बौद्ध आचार्य नागार्जुनांचा आक्षेप उभा राहतो. विग्रहव्यावर्तनीत ते विचारतात: प्रमाणांनी प्रमेये सिद्ध होतात, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्यांनाही तिसरी लागतील, आणि या साखळीला अंत नाही. आपोआप म्हणाल तर मग प्रमेयेच आपोआप का सिद्ध होऊ नयेत? मेकॅनिकच्या भाषेत: सेन्सर मल्टिमीटरने तपासला, मल्टिमीटर कशाने तपासला?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या जातीच्या आक्षेपाला दिलेले उत्तर तराजूचे आहे. तराजूने सोने तोलतात तेव्हा तराजू हे प्रमाण असते. तराजूबद्दलच शंका आली, तर ठाऊक वजनाचे सोने टाकून तराजू तपासतात. तेव्हा तराजू प्रमेय होतो. तीच वस्तू एका प्रसंगी मोजणारी आणि दुसऱ्या प्रसंगी मोजली जाणारी असू शकते. साखळी अनंत होत नाही, कारण सगळ्यांवर एकाच वेळी शंका घेतली जात नाही. जिच्यावर शंका आहे तिला, जिच्यावर तूर्त शंका नाही अशा वस्तूने तपासले जाते.

मॅनिफोल्डच्या प्रेशर सेन्सरची तपासणी हुबेहूब अशीच होते. इंजिन चालू असताना तो आतला दाब सांगतो. आयडलला ३० ते ४० किलोपास्कलच्या दरम्यान. त्याच्यावर शंका आली की इंजिन बंद करून नुसती चावी फिरवायची. आता आत आणि बाहेर एकच दाब, वातावरणाचा, आणि तो ठाऊक असतो: मुंबईत समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्याच्या उंचीवर सुमारे ९५, महाबळेश्वरला सुमारे ८६. पुण्यात उभ्या गाडीचा सेन्सर ८० सांगत असेल, तर दाब मोजणारा स्वतःच मापात सापडला. तापमानाच्या सेन्सरांचेही तसेच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी स्टार्टर मारण्यापूर्वी कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे असायला हवे. तसे नसेल तर दोघांपैकी एक चुकतो आहे, आणि साधा थर्मामीटर कोण ते सांगतो.

तराजूच्या या उत्तरात एक अट लपलेली आहे. तपासणारे साधन तपासल्या जाणाऱ्या साधनाच्या दोषात भागीदार नसावे. गंजलेल्या अर्थिंगचे प्रकरण इथे जवळून पाहण्यासारखे आहे. एकच सिग्नल असलेल्या जुन्या थ्रॉटल सेन्सरच्या अर्थिंगच्या तारेत गंजामुळे रोध वाढला आणि त्यावर ०.३ व्होल्ट पडू लागले. झडप बंद असताना ईसीएमला आता अर्ध्या व्होल्टऐवजी जवळपास पाऊण व्होल्ट मिळतात. आकडा शक्य कोटीतला, म्हणून कोड नाही. ईसीएमला वाटते, रेस किंचित दाबलेली आहे. आयडलिंग वरखाली होऊ लागते. मेकॅनिक मल्टिमीटर घेतो, लाल टोक सिग्नलवर ठेवतो आणि काळे टोक सोयीचे म्हणून त्याच सेन्सरच्या अर्थिंगच्या पिनेवर. मीटर दाखवतो ०.४७ व्होल्ट. सगळे ठीक! काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवले असते तर तोच मीटर ०.७७ दाखवता. पहिल्या वेळी मीटर बिघडलेला नव्हता. त्याने ज्या जमिनीवर पाय रोवला तीच जमीन वर उचललेली होती. म्हणून सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातला फरक आधी पाहतात. तो एक दशांश व्होल्टच्या आत असावा. याच कारणाने अनेक सेन्सर एकदम खोटे सांगू लागले, तर पहिला संशय त्यांच्या समाईक पाच व्होल्टच्या तारेवर किंवा अर्थिंगवर घ्यायचा. एखादाच सेन्सर आत शॉर्ट होऊन ती पाच व्होल्टची तार खाली ओढतो आणि बाकीचे निरपराधी त्याच्याबरोबर दोषी दिसतात. पुष्कळांचे एकमत हा सत्याचा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा ते एकमेकांपासून स्वतंत्र असतात.

प्रामाण्यवादाचा धार्मिक गाभा इथेच आहे. मीमांसकांना स्वतःप्रामाण्याची गरज पडली ती शंखाच्या रंगासाठी नव्हे, वेदासाठी. धर्म डोळ्यांना दिसत नाही. अमुक कर्माचे अमुक फळ परलोकी मिळते हे ताडून पाहायला दुसरे साधन नाही. माणसाच्या शब्दात भ्रम, प्रमाद, फसवण्याची इच्छा आणि इंद्रियांची दुर्बलता हे चार दोष संभवतात असे परंपरा सांगते. वेदाला कर्ताच नाही, म्हणून कारणदोष नाही. त्याच्या विषयात दुसऱ्या प्रमाणाला प्रवेश नाही, म्हणून बाधकज्ञानही नाही. मग तो प्रमाणच. युक्तिवाद सुसंगत आहे, पण सेन्सरांच्या जगातून पाहिले तर त्याची एक कच्ची बाजू दिसते. ज्या सेन्सरला ताडून पाहणारा जोडीदार नाही, त्याच्याविरुद्ध पी ०१२१ सारखा कोड कधीच येत नाही. कोड न येण्याला वजन तेव्हाच असते, जेव्हा कोड येण्याची वाट मोकळी होती. विरोध ऐकू आला नाही आणि विरोध करणाराच नव्हता, या दोन स्थिती बाहेरून अगदी सारख्या दिसतात.

न्यायसूत्रांनी वेदाच्या प्रामाण्यासाठी वेगळी वाट धरली: मंत्र आणि आयुर्वेद यांच्याप्रमाणे तो प्रमाण, कारण तो आप्ताचा शब्द आहे. जिथे पडताळा घेता येतो तिथे तो वक्ता खरा ठरला, म्हणून जिथे घेता येत नाही तिथेही त्याच्यावर विश्वास. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी आप्ताचे लक्षण सांगताना ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना ते सारखेच लागू केले आहे. वस्तू प्रत्यक्ष जाणणारा आणि ती जशी आहे तशी सांगू इच्छिणारा, मग तो कोणीही असो. हे औदार्य आजही शिकण्यासारखे आहे. युक्तिवाद म्हणूनही तो मीमांसकांच्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो निदान कुठेतरी पडताळ्याला सामोरा जातो. पण त्यालाही थ्रॉटलचा झिजलेला पट्टा आडवा येतो. झडप बंद असताना अर्धा व्होल्ट बरोबर, पूर्ण उघडी असताना साडेचार बरोबर. दोन्ही टोकांना खरा ठरलेला सेन्सर मधल्या एका अंशात खोटा असू शकतो. म्हणून ऑसिलोस्कोप लावून झडप सावकाश, एका संथ हालचालीत पूर्ण उघडतात आणि रेघ कुठे तुटते ते पाहतात. तपासलेल्या भागावरून न तपासलेल्या भागाविषयी ठेवलेला विश्वास हा विश्वासच असतो. श्रद्धावंताने तो ठेवावा, त्यावर जगावे, त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याला पडताळा झाला असे म्हणू नये.

दुरुस्ती झाल्यावरचा टप्पा उरतो. स्कॅनरने कोड पुसणे म्हणजे दोष जाणे नव्हे. तो पुसल्यावर ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि गाडी ठरावीक रीतीने चालल्यावरच पुन्हा पुऱ्या होतात. नैयायिकांनी ज्ञानाच्या खरेपणाची कसोटी प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे त्या ज्ञानावर केलेली कृती फळाला येणे, अशी सांगितली. पाणी समजून गेलेल्याची तहान भागली, तर ते ज्ञान खरे. गाडी चालवून पाहण्याची परंपरा याच कसोटीवर उभी आहे. तहान भागली हे ज्ञान तरी खरे कशावरून, असा प्रश्न लगेच येतो. नैयायिक उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास संशयाला अशी मर्यादा घातली, की शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी ती विसंगत होते तिथे ती थांबते. मल्टिमीटरवर भरवसा ठेवूनच जो प्रत्येक तार तपासतो, त्याला मल्टिमीटर म्हणजे भ्रम असे म्हणता येत नाही. कुमारिलांचे म्हणणे त्याहून व्यवहारी आहे: एका ज्ञानाला दुसऱ्याने बाधा आणली आणि शंका उरली तरी तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज पडत नाही.

ईसीएमचे संशयाचे नियमही असेच मोजून आखलेले आहेत. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झालेल्या ओबीडी-२ पद्धतीत बहुतेक दोष पहिल्या फेरीत दिसले तर नुसते नोंदले जातात, दिवा लागत नाही; तो संशय. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला की चेक इंजिनचा दिवा लागतो; तो निर्णय. थ्रॉटलसारख्या जिवावर बेतणाऱ्या दोषात ही सवलत बहुधा नसते आणि गाडी पहिल्याच विरोधाला लिम्प मोडमध्ये जाते. दोष नाहीसा झाला, तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा विझतो. कोड मात्र स्मृतीत राहतो, आणि इंजिन गार होऊन पुन्हा पुरते तापण्याची ४० आवर्तने दोषाविना गेली की मगच पुसला जातो.